छप्पर बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

वळवाची पहिली सर येऊन गेली की "छप्पर बदलावंच लागेल का हो?" हा प्रश्न मला दिवसातून चार-पाचदा ऐकू येतो. मी नाशिकमध्ये घरदुरुस्तीची कामं करतो. पंचवटीतले कौलारू वाडे, सिडकोतले स्लॅब, सातपूर-अंबडकडचे पत्रे, निफाड-येवल्याकडे अजून तग धरून असलेली धाबी (मातीची सपाट छपरं), सगळीकडे शिडी लावून झाली आहे. लोक विचारतात ते प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

छप्पर गळतंय म्हणजे बदलायलाच हवं ना?

नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते. छपरात दोन कामं चालतात. कौल, पत्रा, कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) पाणी अडवतात. वासे, कैची (छपराखालचा तिकोनी सांगाडा), तुळया आणि स्लॅबमधली सळई वजन पेलतात. अडवणारं बिघडलं तर गळतं, आणि ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं. पेलणारं बिघडलं तर एक थेंबही न गळता छप्पर खाली येऊ शकतं. मला फोन करणाऱ्यांत गळक्या घरातले लोक घाबरलेले असतात आणि "तडे गेलेत, पण गळत मात्र नाही हं" म्हणणारे निवांत. मला धास्ती वाटते ती या निवांत मंडळींची.

स्लॅबचे पोपडे पडतात. नुसतं प्लास्टर करून चालेल का?

काय पडतंय ते आधी हातात घेऊन बघा. नुसता चुन्याचा किंवा रंगाचा पापुद्रा असेल तर ओल आहे, एवढंच. प्लास्टरचा तुकडा असेल आणि मागे काँक्रीट राखाडी, घट्ट दिसत असेल, तरी फार काळजी नको. पण तुकड्याच्या मागे तांबूस रेघ दिसली, किंवा सळई उघडी पडली, तर गोष्ट वेगळी.

स्लॅबमधली सळई काँक्रीटच्या अल्कलीमुळे गंजापासून वाचलेली असते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो आणि ही अल्कली कमी होत जाते. त्यात पाणी झिरपलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. आतून दाब येतो, आधी सळईच्या रेषेत सरळ तडा दिसतो, मग खालचं काँक्रीट फुगतं आणि एक दिवस ताटाएवढा तुकडा पलंगावर येतो. जुन्या घरांत मिस्त्रीने सळईखाली बिस्किटं (सळई वर उचलून धरणारे सिमेंटचे छोटे ठोकळे) लावलेलीच नसतात, म्हणून सळई जवळजवळ प्लास्टरला टेकलेली सापडते. तिथे हे सगळं लवकर होतं.

अशा वेळी वरून प्लास्टर म्हणजे जखमेवर पावडर. सळई मोकळी करून, तारेच्या ब्रशने घासून, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजायची. ८ मिमीची सळई ७ मिमी भरली तर ऐकायला एकच मिलिमीटर गेला. पण छेदाच्या हिशेबाने जवळजवळ पाव लोखंड गेलं. एखाद्या कोपऱ्यात असं झालं असेल तर गंजरोधक लेप, जोडसळई, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीचे खास मसाले) करून स्लॅब वाचतो. खोलीभर ठिकठिकाणी हेच सापडलं, तर ठिगळं लावण्यात पैसे घालू नका. स्लॅब उतरवण्याबद्दल इंजिनिअरशी बोला.

इंजिनिअर येईपर्यंत घरच्या घरी काय तपासता येईल?

बरंच काही. खर्च शून्य.

खराट्याचा दांडा घ्या आणि छताला खालून हळूहळू ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा. अर्ध्या तासात छताचा नकाशा तयार होतो. ठोकताना अगदी खाली उभं राहू नका. एका काकांनी उत्साहाने ठोकलं आणि डोक्याला चार टाके घालून घेतले.

तडा दिसला तर त्यात व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा घालून बघा. साधारण ०.३ मिमीपर्यंतचा तडा स्लॅबमध्ये चालवून घेतात आणि कार्डाची जाडी तेवढीच असते. कार्ड सहज आत शिरलं तर तडा मोठा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. तडा महिन्या-दोन महिन्यांत खुणेपुढे गेला तर तो जिवंत आहे. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवायची जुनी रीतही उत्तम. तडा हलला की काच तडकते.

स्लॅबला पोट आलंय का हे बघायला एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत छतालगत दोरी ताणा. १० फुटांच्या खोलीत मध्यभागी अर्ध्या इंचाहून जास्त फरक दिसला तर दखल घ्या. मात्र जुन्या सेंट्रिंगच्या फळ्याच वाकड्या असायच्या, त्यामुळे एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

गच्चीवर जुना कोबा आहे, त्यावरच नवा कोबा मारला तर?

हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो. सिडकोत माझ्या मावशीच्या घराची गच्ची गळत होती. जुना कोबा फोडायचा खर्च आणि धूळ वाचवावी म्हणून मी त्यावरच साडेचार इंच ब्रिकबॅट (वीटतुकड्यांचा) कोबा चढवला. दोन पावसाळे घर कोरडं राहिलं आणि मावशीने शेजारीपाजारी माझं कौतुक केलं. तिसऱ्या वर्षी हॉलच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत तडा गेला.

हिशेब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. साडेचार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २३० किलो. वापरातल्या गच्चीसाठी माणसं, सामान वगैरे मिळून चौरस मीटरला १५० किलो जास्तीचा भार धरतात. म्हणजे एकही माणूस वर न जाता मी तो कोटा ओलांडला होता. शेवटी दोन्ही कोबे छिन्नीने काढले, खालून टेकू दिले, आणि वर हलकं मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) टाकलं. स्लॅब वाचला. मावशी अजून टोमणा मारते.

तेव्हा नियम असा: जुनं काढल्याशिवाय नवं नाही. कोणी "वरच्या वर करून देतो" म्हणालं तर त्याला वजनाचं विचारा.

स्लॅब ठीक आहे, पण छज्जा आणि बाल्कनीचं काय?

स्लॅबपेक्षा मी आधी तिकडेच बघतो. दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते, म्हणून तो बिघडला की खालून पोपडे पडून इशारा मिळतो. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो आणि त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. पाणीही वरच साठतं. खालून छज्जा पांढराशुभ्र दिसतो आणि वर, भिंतीलगत, लांबच्या लांब भेग पडलेली असते. तो फारसा इशारा न देता तुटतो. गच्चीवरून वाकून छज्ज्याच्या भिंतीकडच्या कडेला भेग, शेवाळ किंवा पिंपळाचं रोप आहे का बघा. रोप असेल तर नुसतं उपटून उपयोग नाही, मूळ आत राहतं. आणि छज्ज्यावर कुंड्या, एसीचं बाहेरचं युनिट, जुनी सायकल ठेवू नका, हे सांगून माझं तोंड दुखलं.

पाऊस नसताना, भर एप्रिलमध्ये छताला ओल दिसते. हे कसं?

मग दोष छपराचा नाही. पाण्याची टाकी, सोलर हीटरचा पाइप किंवा वरच्या बाथरूमची लाइन तपासा. टाकीचा वॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवून ओल वाळते का बघा. पावसातच गळत असेल आणि जागा सापडत नसेल तर पाऊस उघडल्यावर गच्चीच्या पाणी बाहेर जाण्याच्या तोट्या बंद करून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालून बघत राहा. स्लॅब आधीच तडकलेला असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. १०० चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सव्वादोनशे किलोहून अधिक वजन.

आमचं कौलारू घर आहे. दरवर्षी शाकारणी करतो, तरी गळतं.

कौल खराब आहे की खालचं लाकूड, हे आधी ठरवा. मंगलोरी कौल फार टिकाऊ चीज. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं घरांवर चढताहेत, आणि जुन्या नाशकात काढलेली कौलं मी धुऊन पुन्हा लावली आहेत. कौल उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारा. चांगलं कौल खणखणीत वाजतं, भेगाळलेलं बोदं वाजतं. रात्रभर पाण्यात टाकून सकाळी उचललं आणि वजनदार लागलं, तर ते पाणी पितं आहे. अशी कौलं दहात एखादं असतील तर तेवढीच बदला. निम्मी असतील तर सगळी काढा. जुन्या-नव्या कौलांच्या खाचा नीट बसत नाहीत आणि गळती जागा बदलत राहते.

खरी परीक्षा लाकडाची. रस्त्यापलीकडे उभं राहून आढ्याची (छपराच्या माथ्यावरच्या तुळईची) रेघ बघा. सरळ असेल तर बरं. मध्ये झोळ पडला असेल, घोड्याच्या पाठीसारखा, तर वासे किंवा आढं दमलंय.

तिवंध्याजवळच्या एका वाड्यात कौलं बदलायला गेलो होतो. वाशांना तपकिरी ऑइलपेंट, वर छान चमक. आजी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या वेळचं सागवान आहे बाबा, त्याला काय धाड भरलीये." मधल्या भागात पेचकस टोचला, शिरेना. खरंच अस्सल सागवान. मग वासा भिंतीत शिरतो तिथे टोचला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, काळपट भुसा. भिंतीत दडलेल्या टोकाला वारा लागत नाही, वळचणीचं पाणी भिंतीत मुरतं आणि सागवानही तिथे कुजतं. त्या बाजूच्या अकरापैकी सात वाशांची टोकं गेली होती. आजींनी तो पेचकस हातात घेऊन स्वतः आणखी दोन ठिकाणी टोचून बघितला, मगच कामाला होकार दिला.

म्हणून नुसती कौलं चाळणं पुरेसं नाही. वाशांची भिंतीतली टोकं, दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हाळीखालचं लाकूड आणि रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) या तीन जागी टोचून बघा. जमिनीवर बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. टोकं गेली असतील आणि मधला वासा ठणठणीत असेल तर टोकाला जोड देता येतो. मधूनच गेला असेल तर वासा बदला.

लोखंडी पत्रा कधी बदलायचा?

दुपारी बाराला खोलीत अंधार करून वर बघा. चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर पत्रा संपला. फक्त स्क्रूच्या भोवती उजेड दिसत असेल तर पत्रा नाही, वॉशर संपलेत. नाशकात हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत मोठी तफावत. एका दिवसातही २० फुटी पत्रा तापून-निवून साधारण ३ मिमी लांबतो-आखडतो. वर्षानुवर्षं ही ओढाताण वॉशर सोसतात. नवे रबरी वॉशर आणि स्क्रू हे स्वस्तातलं काम आहे, पण "पत्राच बदला" सांगणाऱ्याला त्यात कमाई नाही.

पत्र्याखालची कैची आणि अँगल मात्र बघाच. जोडाच्या वेल्डिंगपाशी गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर नवा पत्रा जुन्या सांगाड्यावर टाकू नका. वादळात पत्रा सांगाड्यासकट जातो. आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड, टायर ठेवणं बंद करा. वारा पत्रा खालून उचलतो, आणि मग दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडतो.

सिमेंटचे पत्रे काळे पडलेत. ते घासून रंगवू का?

घासू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि कोरडं घासलं, कापलं किंवा ड्रिल केलं की त्याचे तंतू हवेत जातात. ते फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी घातक आजार होतात. अखंड पत्रा जागेवर आहे तोवर धोका कमी. शेवाळ आलं म्हणून पत्रा बाद होत नाही. कडा भुसभुशीत झाल्या, हुकपासून तडे निघाले किंवा गारपिटीने भोकं पडली तर बदला. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीनंतर जिल्ह्यात असे फुटके पत्रे पुष्कळ दिसले. डांबर लावून त्यांचं आयुष्य दोन-एक वर्षं वाढलं, इतकंच. काढताना आधी पाणी मारून ओले करा आणि न फोडता अख्खे उतरवा.

आणखी एक. या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नका. वरून दणकट वाटतो, पण माणसाच्या वजनाने तडकन फुटतो. दोन अँगलांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला.

गावाकडे मातीचं धाबं आहे. ते कधी उतरवावं?

धाबं गळलं की आपले लोक वर आणखी माती टाकतात. पुढच्या वर्षी आणखी. १०० चौरस फुटांवर ६ इंच माती म्हणजे सव्वादोन-अडीच टन, ओली झाली की त्याहून जास्त. काही धाब्यांवर मी फूट-सव्वाफूट थर मोजलाय. कड्या (माती पेलणारी आडवी लाकडं) वाकल्या असतील, कडी आणि भिंत यांच्यात फट दिसत असेल, दार अचानक चौकटीला घासू लागलं असेल किंवा रात्री लाकूड करकरत असेल, तर माती टाकायची नाही, काढायची. कड्या चांगल्या असतील तर जुनी माती उतरवून वर हलका पत्राही चालतो. उन्हाळ्यात धाब्याखालचा गारवा जातो, हे खरंच वाईट वाटतं.

इमारत ३० वर्षांची झाली. तपासणी सक्तीची आहे का?

हो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या इंजिनिअरकडून करून घ्यायची असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे.

ऑडिट म्हणजे नुसते फोटो नव्हेत. रिबाउंड हॅमर (ठोका मारून काँक्रीटची मजबुती बघणं), अल्ट्रासोनिक चाचणी (ध्वनिलहरींनी आतला दोष शोधणं), गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढणं व्हायला हवं. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं आणि अल्कली गेलेलं होतं तसंच राहतं. इंजिनिअरला ते समोर करून दाखवायला सांगा. गुलाबी रंग सळईच्या अलीकडेच सुरू होतो की पलीकडे, यावर तुमच्या स्लॅबचं पुढचं आयुष्य बरंचसं कळतं.

आम्ही सोसायटीत सगळ्यात वर राहतो. गच्चीचा खर्च आमचा का?

नाही. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. "गळतं तुमच्याकडे, तुम्हीच बघा" हे मीटिंगमध्ये ऐकायला मिळतं, पण त्याला आधार नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

वाड्यात जुने भाडेकरू आहोत, मालक छपराला हात लावत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या नाशकातलं वाड्याचं भाडं किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या चतुर्थांशात चार वासेही येत नाहीत. प्रत्यक्षात सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून मालकाशी लेखी ठरवून वर्गणीने काम केलेलं मी पाहिलंय, तेच निभतं. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर वकिलाचा सल्ला घेऊनच पुढचं पाऊल टाका, कारण तिथे घर आणि हक्क दोन्ही पणाला लागतात.

छप्पर बदलायला परवानगी लागते का?

त्याच उंचीवर कौलं किंवा पत्रे बदलणं ही दुरुस्ती. भिंती चढवल्या, उंची वाढवली, गच्चीवर शेड टाकली की मामला बांधकाम परवानगीचा. स्लॅब उतरवायचा असेल तर आधीच महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या.

गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचेत. आधी गच्ची करू का?

आधी गच्ची. पॅनेल २५ वर्षं राहणार. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून लोक घाई करतात आणि पुढच्याच वर्षी वॉटरप्रूफिंगसाठी सगळा सांगाडा उचलायची वेळ येते. वजनाचा प्रश्न सहसा नसतो. पॅनेल हलके असतात. प्रश्न सांगाड्याच्या बोल्टचा. कोब्यात बोल्ट मारला की गळतीला नवी वाट मिळते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा बसवायला सांगा.

काम कधी काढावं?

दिवाळीनंतर. तेव्हापासून मार्चपर्यंत हवा कोरडी, ऊनही बरं, काँक्रीटला पाणी मारणं सोपं. मे महिन्यात फोन केला तर पत्रेवाला तारीख देत नाही आणि दिलीच तर पाळत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे तर एप्रिलअखेर छप्पर बंद व्हायलाच हवं. तिकडचा पाऊस शहरासारखा सबुरीने येत नाही.

वादळात पत्रे उडाले. भरपाई मिळेल का?

ताडपत्री टाकायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मग महसूल कार्यालयात कळवून पंचनाम्याची मागणी करा. फुटके तुकडे पंचनामा होईपर्यंत फेकू नका.

आज रात्री या खोलीत झोपलं तर चालेल का?

हा प्रश्न पडला असेल तर झोपू नका. विशेषतः स्लॅबमधून मधूनमधून खडे गळत असतील, तडा कालच्यापेक्षा रुंद दिसत असेल, दारं-खिडक्या अडकायला लागल्या असतील किंवा लाकूड करकरत असेल, तर माणसं दुसरीकडे हलवा, गच्चीवरची टाकी रिकामी करा आणि सकाळी सेंट्रिंगवाल्याला बोलावून खाली टेकू द्यायला सांगा. टेकू द्यायला दोन तास लागतात आणि भाडंही फार नसतं. मी फोनवर असलो तर आधी टाकी रिकामी झाली का ते विचारतो. १,००० लिटरची टाकी म्हणजे डोक्यावर एक टन.